‘पगार किती सांगितलाय?’ : मानवी तस्करीविरुद्ध कला वापरू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या पहिल्या पथनाट्यात काळा गॉगल घातलेला एक माणूस होता. तो मुलीच्या नाकावर रुमाल धरायचा, मुलगी कोसळायची, मागे हलगी कडाडायची. प्रयोग बाजाराच्या दिवशी होता, माणसं बरीच जमली, टाळ्याही मिळाल्या. संपल्यावर भाजी विकणारी एक आजी जवळ आली आणि म्हणाली, “बाबा, आमच्याकडं असलं कुणी येत न्हाई. आमच्या पोरीला न्यायला तिची लांबची आत्याच आलती. साडी घेऊन आलती.”

तस्करीवर काम करणाऱ्या कलाकाराला लागणारं सगळं शिक्षण त्या तीन वाक्यांत होतं. पुढं जे लिहितोय ते तिथून सुरू झालेलं आहे. तुम्ही पथनाट्य करत असाल, भिंती रंगवत असाल, भारूड गात असाल किंवा फोटो काढत असाल, माझं मुख्य सांगणं एकच: लोकांना सौदा दाखवा. कोण आलं, काय कबूल केलं, किती पैसे हातावर ठेवले, कोणते कागद मागून घेतले, कोणत्या गाडीनं नेलं. रडणारी मुलगी, साखळदंड, बांधलेले हात हे बघून माणसं हळहळतात आणि घरी जातात. सौदा कळला तर पुढच्या वेळी दारात आलेल्या आत्याला ती प्रश्न विचारतात.

हे काही माझं एकट्याचं निरीक्षण नाही. इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ उभी राहिली तेव्हा दोन चित्रं फार गाजली. एक १७८७ सालचं, जोसाया वेजवूड यांच्या कारखान्यात घडवलेलं पदक: गुडघे टेकून, साखळीत जखडलेले हात जोडून विनवणारा आफ्रिकी माणूस. दुसरं त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आलेलं, ‘ब्रूक्स’ नावाच्या जहाजाचा आराखडा. त्यात जहाजाच्या पोटात माणसं कशी खेटून निजवली जातात हे वरून पाहिल्यासारखं काढलेलं होतं. लंडनमध्ये छापलेल्या आवृत्तीत ४८२ आकृत्या होत्या. पदकानं दया मिळवली, पण त्या माणसाला कायमचं गुडघ्यावर बसवून ठेवलं. आराखड्यात कुणी रडत नाही. तिथं फक्त जागेचा हिशेब आहे, आणि धंदा कसा चालतो हे त्या हिशेबातून कळतं. मला दुसरं चित्र जास्त कामाचं वाटतं.

पहिली पायरी : एकच धंदा निवडा

‘मानवी तस्करी’ या मथळ्याखाली नाटक बसवायला घेतलं की त्यात सगळंच कोंबलं जातं आणि कुणालाच ते आपलं वाटत नाही. आपल्या टापूत माणसं कशासाठी नेली जातात ते आधी बघा.

ऊसतोडीच्या पट्ट्यात शब्द आहेत उचल (मजुरीपोटी आधीच दिलेली रक्कम), मुकादम, टोळी, कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीला जाणं म्हणजे तस्करी नव्हे, हे स्पष्ट बोला, नाहीतर तुमचे प्रेक्षकच तुम्हाला उठवून लावतील. पण उचल फिटत नाही म्हणून माणसाला अडकवून ठेवलं, जाऊ दिलं नाही, पोरांना कामाला जुंपलं, की ती वेठबिगारी झाली. १९७६ च्या कायद्यानं ती बंद केलेली आहे. ठाणे, पालघर, रायगडात कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर अशीच अडकतात. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली लहान मुलं मेंढ्या राखायला देऊन टाकल्याचं उघड झालं. बदल्यात आईबापांना एखादी मेंढी आणि थोडे पैसे. एका मुलीच्या मृत्यूनंतर जगाला हे कळलं. विदर्भातल्या मुली लग्नाच्या नावाखाली परराज्यात विकल्या गेल्याच्या बातम्या येतात. शहरात शिकलेली पोरंही यातून सुटलेली नाहीत. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून निघालेले तरुण म्यानमारच्या म्यावाडी भागात ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत डांबले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना विमानानं परत आणावं लागलं.

यातलं एक घ्या. एक घेतलं की वेळ, जागा आणि प्रकार आपोआप ठरतात. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, म्हणून ऊसतोडीवरचं भारूड दिवाळीनंतर करून उपयोग नाही. तोवर गाड्या भरलेल्या असतात. परदेशी नोकरीच्या फसवणुकीवर काम करायचं तर गावच्या पारावर पथनाट्य करण्यापेक्षा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात जा.

दुसरी पायरी : कायदा एवढा तरी पाठ हवा

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (पूर्वीचं भारतीय दंड विधानातलं ३७०) तस्करीची व्याख्या करतं. तिचे तीन तुकडे आहेत. कृत्य : भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, हवाली करणं. साधन : धाक, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, पैशाचं आमिष. हेतू : शोषण. नाटकाच्या दृष्टीनं हे सोन्यासारखं आहे, कारण हेच तुमचे तीन प्रवेश. शिवाय, पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती हे या गुन्ह्यात गैरलागू आहे, असं कलम स्वच्छ सांगतं. “ती स्वतःच्या पायानं गेली” हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. त्याला उत्तर तयार ठेवा.

आणखी एक भेद नीट समजून घ्या. वेश्याव्यवसायातली प्रत्येक बाई तस्करीची बळी असते असं धरून नाटक लिहू नका. सांगलीत १९९६ पासून काम करणाऱ्या ‘व्हॅम्प’ या वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच संघटनेतल्या बायका हेच सांगत आल्या आहेत की सरसकट छाप्यांत आमचीच फरफट होते. सर्वोच्च न्यायालयानंही मे २०२२ च्या आदेशात सज्ञान आणि स्वेच्छेनं काम करणाऱ्या बायकांना छाप्यांत त्रास देऊ नये असं म्हटलं. अल्पवयीन मुलगी, फसवून आणलेली बाई आणि स्वतः ठरवून राहणारी बाई, या तिघींना एकाच रंगात रंगवलं तर पहिल्या दोघींचीही गोष्ट खोटी होते.

तिसरी पायरी : एकट्यानं सुरू करू नका

कलाकार गाव सोडून जातो, प्रश्न गावातच राहतो. म्हणून पहिल्या प्रयोगाआधीच कुणाशी तरी जोडून घ्या : जिल्हा बाल संरक्षण कक्ष, पोलिसांचा मानवी तस्करी प्रतिबंधक कक्ष, किंवा तिथं वर्षानुवर्षं काम करणारी संस्था. मुंबईत कामाठीपुऱ्यात १९८६ पासून ‘प्रेरणा’ ही प्रवीण आणि प्रीती पाटकरांची संस्था आहे. रात्री आई कामावर असताना मुलांना सुरक्षित ठेवणारं रात्रीचं पाळणाघर ही त्यांची मोठी देणगी. गोव्यात वास्कोच्या बायना भागातून उभी राहिलेली ‘अर्ज’ ही संस्था आहे. अशा ठिकाणी आधी महिनाभर नुसतं बसा आणि ऐका. आपली कला लगेच पुढे करू नका.

परवानग्यांचं थोडक्यात : जागेसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, माणसं जमवायला आणि ध्वनिक्षेपकाला स्थानिक पोलीस ठाणं. तिकीट लावून रंगमंचावर प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. एसटी स्टँडवर करायचं तर आगारप्रमुखांना लेखी पत्र द्या, पोच घ्या.

चौथी पायरी : जी यातून गेली आहे तिच्याशी कसं वागायचं

इथं थांबून वाचा, कारण सर्वांत मोठ्या चुका इथंच होतात आणि त्या चांगल्या मनाच्या कलाकारांकडून होतात.

१९८१ साली अश्विनी सरीन या पत्रकारानं बायका विकल्या जातात हे सिद्ध करायला एक बाई प्रत्यक्ष विकत घेतली. त्या घटनेवरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. नाटकातला पत्रकार तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. पुरावा म्हणून. आणि ती बाई घरी त्याच्या बायकोला सहज विचारते की तुला कितीला घेतलं. हे नाटक आपल्या भाषेत आहे हे आपलं भाग्य समजा आणि काम सुरू करण्यापूर्वी पुन्हा वाचा. दरवेळी स्वतःला विचारा, मी हिला पुरावा म्हणून उभी करतोय का?

आता व्यवहाराचं. “तुझ्यावर काय बेतलं ते सांग” असं कधीही विचारू नका. मी विचारतो ते असं : “त्या दिवशी कुणी काय विचारलं असतं, तर तुझं जाणं थांबलं असतं?” या प्रश्नाला उत्तर देताना बाई पुन्हा त्या खोलीत जात नाही. ती सल्लागार होते, तिचं शहाणपण कामी येतं. आणि नाटकासाठी तुम्हाला हवं असतं तेही नेमकं यातूनच मिळतं. भेटीच्या वेळी तिच्या ओळखीची समुपदेशक किंवा कार्यकर्ती जवळ असू द्या.

पैसे द्या. दिग्दर्शकाला दिवसाचे जेवढे, तेवढे तिला. चहा आणि शाल देऊन तिची वर्षं वापरू नका. संमती एकदा घेऊन खिशात ठेवायची वस्तू नाही : संहिता झाल्यावर तिला वाचून दाखवा, तालीम दाखवा, आणि शेवटच्या क्षणी ती “हा प्रवेश नको” म्हणाली तर तो काढा. आमचा एक उत्तम प्रवेश असा गेला. त्यात नुसतं एका भिंतीवरच्या कॅलेंडरचं वर्णन होतं, पण तिच्या खोलीत तेच कॅलेंडर होतं. ओळखणाऱ्यानं ओळखलं असतं.

तीन-चार जणींचे अनुभव एकत्र करून एक पात्र घडवा. जिल्हा बदला, नातं बदला, काम बदला. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर हा कायदाच आहे : बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आणि पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ नाव, चेहरा, शाळा, घर, ओळख पटेल असं काहीही दाखवायला मनाई करतात. सज्ञान पीडितांसाठी लैंगिक गुन्ह्यांत न्याय संहितेचं कलम ७२ आहे. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की झालं, असं मानू नका. कपड्यांवरून, आवाजावरून, मागच्या देवळावरून गाव ओळखतं.

फोटोचंच काम करणाऱ्यांसाठी : अमेरिकी छायाचित्रकार के चर्नुश यांनी चेहरे टाळून, अनुभव सांगणाऱ्यांच्या बरोबरीनं रचलेल्या प्रतिमांचा मार्ग धरला. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांचा ‘मिसिंग’ प्रकल्प तर मला फार जवळचा वाटतो. २०१४ पासून त्या शहरांच्या भिंतींवर मुलीच्या आकाराची नुसती काळी सावली उभी करतात. चेहरा नाही, अश्रू नाही. जिथं मुलगी असायला हवी होती तिथं पडलेलं भोक. स्टेन्सिल असल्यामुळे ती आकृती कुणीही स्वयंसेवक आपल्या गावात उमटवू शकला आणि काम शहराशहरांत पसरलं.

आणि कलेनं बरं होणं हे वेगळं काम आहे. त्याच कोलकात्यात सोहिनी चक्रवर्तींनी २००४ मध्ये ‘संवेद’ सुरू केलं, तिथं नृत्य मुलींच्या स्वतःच्या शरीराशी पुन्हा ओळख होण्यासाठी आहे. त्यासाठी प्रशिक्षण लागतं. चार दिवसांचं शिबिर घेऊन मुलींना जखमा ‘व्यक्त’ करायला लावू नका. उघडलेली जखम बांधायला पाचव्या दिवशी तुम्ही तिथं नसता.

पाचवी पायरी : संहिता

बारा ते पंधरा मिनिटं. बाजारात माणूस पिशवी हातात घेऊन उभा असतो, त्याहून जास्त थांबत नाही. माझ्या संहितेचा कणा साधारण असा असतो :

मावशी : पोरगी धावी झाली न्हवं? पुण्यात एका डॉक्टरीणबाईंकडं लेकरू सांभाळायचंय. बारा हजार पगार, खाणं-राहणं त्यांचंच.
आई : पत्ता काय म्हणायचा त्यांचा?
मावशी : आगं, पत्ता कशाला, मी हाय की! तुझ्या माहेरची ना मी?
बाप : पर कधी येईल माघारी?
मावशी : दिवाळीला आणून सोडते. हे धा हजार ठेवा आत्ता. आधार कार्ड तेवढं द्या, तिकिटाला लागतंय. आन् फोन हितंच राहू द्या, तिकडं गेल्यावर नवं कार्ड घिऊन देऊ.

इथं हलगी थांबते. सूत्रधार प्रेक्षकांकडे वळतो : “मंडळी, ह्या घरानं काय विचारायचं ऱ्हायलं?” मग गप्प राहा. पहिलं उत्तर यायला वेळ लागतो आणि तो वेळ जीव खातो, तरी गप्प राहा. कुणीतरी म्हणेल, “डॉक्टरणीचा फोन लावून द्या.” त्या माणसालाच आत बोलवा, बापाच्या जागी उभं करा आणि प्रवेश पुन्हा खेळा. मावशीचं काम करणारी नटी तयारीची हवी, तिनं सहज हार मानायची नाही. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांनी ही रीत घडवली. पश्चिम बंगालच्या खेड्यांत १९८५ मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था ती वर्षानुवर्षं वापरते आहे.

दोन-तीन माणसं येऊन खेळली की लोकांच्या तोंडूनच प्रश्नांची माळ तयार होते : मालकाचं नाव आणि पत्ता, आपल्यासमोर त्याच्याशी बोलणं, पगार कुणाच्या खात्यात, आधारची नुसती झेरॉक्स का नको, घरातलं कोण सोबत जाऊन जागा बघून येणार. यात आम्ही एक भर घालतो, घरातला खुणेचा शब्द. पोरीनं फोनवर “आजीचा गुडघा कसाय?” असं विचारलं तर समजायचं, ती अडचणीत आहे आणि शेजारी कुणीतरी ऐकतंय. हा तुकडा लोकांच्या हमखास लक्षात राहतो.

आपल्या जुन्या रूपांत या कामाची जागा आधीच आहे. भारुडातला जोशी पुढचं भाकीत सांगतो. सौदा होण्याआधी तो येऊन गेला तर? वासुदेव पहाटे दारात येतो, घरातली बाई तेव्हा एकटी ऐकायला असते. विदर्भात दंडार हे लोकनाट्य आहे. ज्या गावात जे रुजलंय ते घ्या, आणि शक्य तर तिथल्याच कलावंताला मानधन देऊन गाऊ द्या. त्याचं ऐकतात.

एक ताकीद, आणि ही मी फार गांभीर्यानं देतोय. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ असा आशय कुठल्याही कलाकृतीत येऊ देऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. अनोळखी माणसाची भीती पेरणारं नाटक भटक्यांच्या जिवावर उठतं, आणि खरा दलाल ओळखीचाच असल्यामुळे तो सुखरूप राहतो. आमचा गॉगलवाला माणूस केवळ चुकीचा नव्हता, धोकादायक होता.

सहावी पायरी : भिंत

चुन्याची भिंत आधी खरवडा, प्रायमर मारा, मग रंग. नाहीतर पहिल्या पावसात सगळं पोपड्यांसकट खाली येतं. स्टेन्सिलसाठी जाड प्लास्टिक शीट घ्या. लहान आकाराला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. देवनागरीत ब, ठ, ध, म अशा अक्षरांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो, म्हणून कापताना बारीक पूल ठेवा. स्प्रेपेक्षा स्पंजनं थापलेला रंग स्वस्त पडतो आणि ओघळत नाही.

मदतीचा नंबर दोन्ही आकड्यांत लिहा, मराठी आणि इंग्रजी. मोबाइलवर बटणं इंग्रजी असतात आणि घाबरलेल्या माणसाला रूपांतर सुचत नाही. जागा निवडताना दर्शनी चौकाचा मोह सोडा. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत, दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेला नंबर एकटीला, कुणी बघत नसताना वाचता येतो. सोबतचा माणूस बाहेर उभा असतो तेव्हा तिला मिळणारी तीच दोन मिनिटं.

मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, तातडीला ११२, रेल्वेत १३९. रंगवण्यापूर्वी तुम्ही स्वतः फोन लावून बघा, तुमच्या गावातून लागतो का, कोणत्या भाषेत उचलतात, काय विचारतात. आणि हे प्रयोगात दाखवा. फोन केल्यावर पुढं काय होतं हे माहीत नसल्यानं माणसं फोन करत नाहीत.

सातवी पायरी : प्रयोगानंतर कुणी जवळ आलं तर

येतं. बहुतेक वेळा गर्दी पांगल्यावर, सामान आवरत असताना. त्यासाठी चमूतली दोन माणसं आधीच नेमलेली असावीत, त्यातली एक बाई. त्यांनी ऐकायचं, तपशील खोदून काढायचे नाहीत, “मी कुणाला सांगणार नाही” असं वचन तर मुळीच द्यायचं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, हे आलेल्या माणसाला शांतपणे सांगा. मग सोबत बसून फोन लावा, जोडलेल्या संस्थेच्या माणसाला बोलवा.

स्वतः सोडवायला जाऊ नका. दलालाला गाठून जाब विचारू नका. मुलीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. तुमच्या घाईनं तिला रातोरात दुसऱ्या शहरात हलवलं जाऊ शकतं.

आठवी पायरी : परत जा

टाळ्या आणि हजेरी मोजून काही कळत नाही. त्याच गावात तीन महिन्यांनी जा आणि विचारा : बाहेर कामाला गेलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीकडे आहे का, कुणासोबत गेले ते लिहिलंय का? ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झालं का, की पोरं फडावरच आहेत? शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर किती नावं गायब झाली? शिक्षकांना ही यादी पाठ असते, फक्त कुणी विचारत नाही.

मिळालेली उत्तरं पुढच्या प्रयोगात घाला. एका गावात आम्ही दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा मावशीचा प्रवेश सुरू होताच पुढच्या रांगेतली एक शाळकरी पोर, सूत्रधारानं विचारायच्या आधीच, मोठ्यानं म्हणाली, “आधार देऊ नगा, झेरॉक्स द्या!” नटी क्षणभर अडखळली, मग तिनं पिशवी उचलली आणि पुढच्या घराकडे निघाली. आम्ही संहितेत तेवढं तसंच ठेवलं आहे.